दार रुंद, जागा मोजक्या

चेन्नई : दरवर्षी उन्हाळा सरता सरता तामिळनाडूत एक छोटासा शासकीय विधी पार पडतो. अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी अर्ज केलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला संगणक दहा आकडी ‘रँडम नंबर’ देतो. दोन विद्यार्थ्यांचे एकूण गुण समान असतील तर आधी गणिताचे गुण पाहिले जातात, मग भौतिकशास्त्राचे. पुढे बारावीची व दहावीची टक्केवारी आणि जन्मतारीख यांवरून क्रम लावण्याचा प्रयत्न होतो. तरीही बरोबरी सुटली नाही, तर शेवटचा निवाडा या आकड्यावर सोपवला जातो. राज्यशासनाने प्रवेशाच्या गणितात चिठ्ठ्या टाकण्याची तरतूद करून ठेवावी, यावरूनच त्या रांगेच्या पुढच्या टोकाला किती दाटी असते याची कल्पना येते.

ही दाटी आकड्यांत सांगता येते. गणिताचे १००, भौतिकशास्त्राचे ५० आणि रसायनशास्त्राचे ५० असे २०० गुण धरून ही क्रमवारी लागते. २०२३ च्या यादीत सुमारे १ लाख ७९ हजार विद्यार्थी होते आणि त्यांपैकी १०२ जणांना २०० पैकी २०० गुण होते. २०२४ मध्ये यादी दोन लाखांच्या घरात गेली आणि पूर्ण गुण मिळवणारे ६५ निघाले. अण्णा विद्यापीठाच्या गिंडी येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राची जागा मिळवायची, तर या यादीच्या अगदी वरच्या पायऱ्यांवर उभे राहावे लागते. याच प्रक्रियेत २०१८ ते २०२० या काळात राज्यातील जवळपास निम्म्या जागांना विद्यार्थी मिळाले नव्हते, ही वस्तुस्थितीही तितकीच खरी आहे.

एकाच प्रक्रियेत टंचाई आणि विपुलता एकत्र नांदतात, त्यामागे पाऊण शतकाचे राजकारण आहे. तामिळनाडूतील दोन्ही द्रविड पक्षांचे एकमेकांशी क्वचितच जमले; परंतु प्रवेशाचे दार रुंद असावे आणि उंबरठ्यावरचा खर्च कमी असावा, याबाबत त्यांच्यात कधी मतभेद झाला नाही. त्याचा परिणाम असा की, प्रवेश मिळेल का, हा प्रश्न येथे बराचसा सुटला आणि कोणत्या दर्जाचा प्रवेश मिळेल, हा प्रश्न अधिक टोकदार झाला. बदलीच्या नोकरीतील मराठी अधिकारी असो वा पोटासाठी दक्षिणेत गेलेला सांगलीकर, त्याच्या मुलाला या दोन्ही प्रश्नांबरोबर तिसराही प्रश्न पडतो : या हिशेबात आपण कोणत्या रकान्यात?

३९५ जागांचा खटला

गिंडीच्या महाविद्यालयाची मुळे १७९४ मध्ये मद्रासेत सुरू झालेल्या सर्वेक्षकांच्या शाळेपर्यंत जातात. १९७८ मध्ये हे महाविद्यालय, अलगप्पा तंत्रमहाविद्यालय, क्रोमपेटची मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि वास्तुरचना विभाग यांचे मिळून अण्णा विद्यापीठ झाले. प्रवेशाचा वाद मात्र विद्यापीठाहून जुना आहे आणि भारतीय राज्यघटनेची पहिली दुरुस्ती त्यातूनच उद्भवली.

त्या काळच्या मद्रास राज्यात ‘कम्युनल जी.ओ.’ या नावाने ओळखला जाणारा शासकीय आदेश अमलात होता. दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, २ मागास हिंदूंना, २ ब्राह्मणांना, २ हरिजनांना, १ अँग्लो-इंडियन व भारतीय ख्रिस्ती समाजाला आणि १ मुस्लिमांना अशी वाटणी होती. जस्टिस पक्षाच्या राजवटीत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात रुजलेल्या या धोरणाची जातकुळी मराठी वाचकाला अपरिचित नाही. राजर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात २६ जुलै १९०२ रोजी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा आदेश काढला होता. मद्रासचा आदेश त्याच विचारप्रवाहातला.

१९५० मध्ये या आदेशाला दोघांनी आव्हान दिले. चंपकम दोराइराजन यांचा खटला वैद्यकीय प्रवेशाचा होता आणि सी. आर. श्रीनिवासन यांचा गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रवेशाचा. न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार राज्यातील सर्व सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत मिळून ३९५ जागा होत्या. त्यांपैकी २१ परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी आणि १२ शासनाच्या विवेकाधीन होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये आदेश रद्द ठरवला. मद्रासमध्ये त्याविरुद्ध उठलेल्या आंदोलनाची दखल दिल्लीला घ्यावी लागली आणि त्याच वर्षी पहिल्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १५ मध्ये चौथे उपकलम आले. मागासवर्गीयांसाठी शिक्षणात विशेष तरतूद करण्याचा देशभरातील राज्यांचा अधिकार अशा रीतीने मद्रासच्या ३९५ जागांच्या भांडणातून पक्का झाला.

एकोणसत्तरची तटबंदी

पुढचा प्रवास पायरीपायरीने झाला. सत्तनाथन आयोगाच्या अहवालानंतर १९७१ मध्ये मागासवर्गीयांचा वाटा ३१ टक्के झाला. एम. जी. रामचंद्रन यांच्या सरकारने १९८० मध्ये तो ५० टक्क्यांवर नेला. त्यापूर्वी त्यांनी उत्पन्नाची मर्यादा घालण्याचा प्रयोग केला होता. लोकसभेच्या निवडणुकीत त्याचा फटका बसला, तेव्हा मर्यादा गेली आणि टक्केवारी वाढली. १९८९ मध्ये करुणानिधी सरकारने त्यातील २० टक्के अतिमागास व विमुक्त जातींसाठी वेगळे काढले. अनुसूचित जातींचे १८ व जमातींचा १ टक्का धरून बेरीज ६९ झाली.

इंद्रा साहनी खटल्यात १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हा जयललिता यांच्या सरकारने विधानसभेत स्वतंत्र कायदा केला. नरसिंह राव सरकारने १९९४ मध्ये ७६ व्या घटनादुरुस्तीने त्याला नवव्या परिशिष्टाचे कवच दिले. वाटा वाढवणारे अण्णाद्रमुकचे, वाटून देणारे द्रमुकचे आणि तटबंदी उभारणारे पुन्हा अण्णाद्रमुकचे, असा हा क्रम आहे. या विषयावर विरोधी पक्ष असा उरतच नाही, तो यामुळे.

न्यायालयीन लढाई थांबली नाही. ५० टक्क्यांची मर्यादा पाळली असती तर ज्या खुल्या गटातील विद्यार्थ्यांना प्रवेश मिळाला असता, त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण करा, असे अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने पुढे अनेक वर्षे दिले. कोणाची जागा काढून घ्यायची नाही, तर जागाच वाढवायच्या, हा तोडगा या राज्याच्या स्वभावाशी जुळणारा होता. नंतर ६९ टक्क्यांच्या आतच वाटण्या होत गेल्या : २००७ मध्ये मुस्लिमांसाठी ३.५ टक्के, २००९ मध्ये अरुंधतियार समाजासाठी ३ टक्के. २०२१ मध्ये वन्नियार समाजाला दिलेला १०.५ टक्क्यांचा वाटा मात्र पुरेशा आकडेवारीअभावी आधी उच्च न्यायालयात आणि मार्च २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा मे २०२१ मध्ये रद्द झाला, त्या सुनावणीतही तामिळनाडूचा दाखला वारंवार दिला गेला होता. मात्र १९९४ मध्ये जे राजकीय कवच चेन्नईला मिळाले, ते मुंबईच्या वाट्याला आले नाही.

गुणपत्रिका की प्रवेश परीक्षा?

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांनी महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. पाठोपाठ तामिळनाडूतही स्वयंअर्थसहाय्यित महाविद्यालयांचे पर्व सुरू झाले आणि १९८४ मध्ये तेथे व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी प्रवेश परीक्षा आली. येथपर्यंत दोन्ही राज्ये बरोबर चालत होती. पुढे वाटा फुटल्या. महाराष्ट्र सामायिक प्रवेश परीक्षेकडे वळला. तामिळनाडूने ती परीक्षाच काढून टाकली.

शिकवणीचे शुल्क ग्रामीण विद्यार्थ्याला परवडत नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. जयललिता सरकारने २००५ मध्ये परीक्षा रद्द केली. न्यायालयाने तो निर्णय अडवला. २००६ मध्ये सत्तेवर आलेल्या करुणानिधी सरकारने कायदा केला, त्याला २००७ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि उच्च न्यायालयातही तो टिकला. तेव्हापासून अभियांत्रिकीचा प्रवेश केवळ बारावीच्या गुणांवर होतो. वैद्यकीय प्रवेशासाठी ‘नीट’ सक्तीची झाल्यावर या राज्यात जो रोष उसळला, त्याचे मूळ या इतिहासात आहे.

परंतु शिकवणीचा बाजार परीक्षेबरोबर संपला असे नाही. त्याने केवळ जागा बदलली. महाराष्ट्रात ‘लातूर पॅटर्न’ गाजला, तसा तामिळनाडूत नामक्कल जिल्ह्यातील निवासी शाळांचा बोलबाला झाला. बारावीच्या गुणांनाच सारे मोल आल्यामुळे अनेक शाळांत अकरावीचा अभ्यासक्रम गुंडाळून दोन वर्षे बारावीचीच घोकंपट्टी चाले. अखेर २०१७-१८ पासून शासनाने अकरावीची सार्वजनिक परीक्षा सुरू केली. २०२५ च्या राज्य शिक्षण धोरणाने ती पुन्हा वगळली. गुणवत्तेचे मोजमाप कोणतेही ठेवा, पैसा त्या मापाच्या आसपास दुकान थाटतो, हा धडा दोन्ही राज्यांना सारखाच मिळाला.

पावतीवरचा आणि पावतीबाहेरचा खर्च

शुल्काच्या बाबतीत तामिळनाडूची आकडेवारी महाराष्ट्रातील पालकाला चकित करील. खासगी महाविद्यालयांतील शासकीय कोट्याच्या जागेसाठी शुल्क समितीने २०१७ मध्ये वार्षिक ५० हजार रुपये आणि मूल्यांकनप्राप्त अभ्यासक्रमासाठी ५५ हजार रुपये ठरवले. व्यवस्थापन कोट्यासाठी ही मर्यादा ८५ ते ८७ हजारांची होती. अल्पसंख्याक संस्थांनी निम्म्या आणि इतरांनी ६५ टक्के जागा शासनाच्या एक खिडकी प्रक्रियेला द्यायच्या, असा नियम आहे. अर्जाचे शुल्क अलीकडच्या वर्षांत ५०० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी २५० रुपये राहिले आहे.

याखेरीज सवलतींची एक स्वतंत्र उतरंड आहे. २०१०-११ पासून, कुटुंबात पूर्वी कोणीही पदवीधर नसेल तर त्या विद्यार्थ्याला शिक्षण शुल्कात सवलत मिळते. तिला जातीची अट नाही. २०२१ मध्ये सरकारी शाळांतून सहावी ते बारावी शिकलेल्यांसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांत ७.५ टक्के जागा कायद्याने राखल्या गेल्या आणि त्यांचे शिक्षण व वसतिगृहाचे शुल्क शासन भरेल, असे तत्कालीन मुख्यमंत्री स्टालिन यांनी जाहीर केले. २०२२ मध्ये ‘पुदुमै पेण’ योजनेतून सरकारी शाळेतून आलेल्या मुलींना आणि २०२४ मध्ये ‘तमिळ पुदल्वन’ योजनेतून मुलांना महिना हजार रुपये मिळू लागले. महाराष्ट्रानेही जुलै २०२४ मध्ये वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. फरक निकषांचा आहे. महाराष्ट्र प्रामुख्याने उत्पन्नाचा दाखला विचारतो. तामिळनाडू विचारतो : घरात पहिला पदवीधर कोण, आणि शाळा कोणती?

तथापि, पावतीवर जे छापले जाते ते खर्चाचे पूर्ण चित्र नव्हे. वसतिगृह, खानावळ, महाविद्यालयाच्या बसचे भाडे, परीक्षा शुल्क हे सारे वेगळे. देणगीबंदीचा कायदा महाराष्ट्रात १९८७ मध्ये आणि तामिळनाडूत १९९२ मध्ये झाला, यावरूनच दुखणे किती जुने आहे ते कळते. आणि सर्वांत मोठा खर्च आहे तो चुकलेल्या निवडीचा. जुलै २०२४ मध्ये ‘अरप्पोर इयक्कम’ या चेन्नईतील संघटनेने विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांची माहिती ताडून पाहिली, तेव्हा शेकडो अध्यापक एकाच वेळी अनेक महाविद्यालयांच्या पटावर पूर्णवेळ म्हणून दाखवले असल्याचे उघड झाले आणि विद्यापीठाला चौकशी करावी लागली. स्वस्तात मिळालेली जागा शिक्षकाविना मिळत असेल, तर चार वर्षांनंतर तिची किंमत विद्यार्थीच मोजतो. रुंद दारातून आत आलेला, घरातला पहिला पदवीधर होऊ पाहणारा मुलगा अशा महाविद्यालयात जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. चांगल्या-वाईटाची पारख सांगणारे घरात कोणी नसते.

दर्जा की अधिकार?

या प्रश्नाचे राजकीय रूप ‘प्रतिष्ठित संस्था’ योजनेच्या निमित्ताने दिसले. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने अण्णा विद्यापीठाची त्या दर्जासाठी शिफारस केली. केंद्राकडून एक हजार कोटी रुपयांपर्यंत निधी मिळणार होता, पण राज्याने आपला आर्थिक वाटा उचलण्याची हमी द्यावी, अशी अट होती. राज्यशासनाला पैशांपेक्षा अधिक चिंता होती ती ६९ टक्क्यांची. केंद्राचा दर्जा आला की केंद्राचे आरक्षण येईल, शुल्क वाढेल आणि परराज्यातील विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढेल, ही भीती होती.

तेव्हाचे कुलगुरू एम. के. सुरप्पा कर्नाटकातील होते. त्यांची नियुक्ती एप्रिल २०१८ मध्ये कावेरीचा वाद पेटलेला असताना, नागपूरचे असलेले तत्कालीन राज्यपाल बनवारीलाल पुरोहित यांनी केली होती आणि तेव्हाच ‘बाहेरचा माणूस’ म्हणून निदर्शने झाली होती. विद्यापीठ स्वतःच्या बळावर निधी उभारू शकते, असे पत्र सुरप्पा यांनी २०२० मध्ये परस्पर केंद्राला लिहिले. विद्यार्थ्यांचे शुल्क वाढवल्याविना हा पैसा येणार कोठून, असा सवाल लगेच उठला. ऑक्टोबर २०२० मध्ये राज्याने हा दर्जा नको, असे सांगून टाकले.

शंका अगदीच निराधार नव्हती. काही महिन्यांतच केंद्राच्या अर्थसाहाय्यावर चालणाऱ्या जैवतंत्रज्ञानाच्या दोन एम.टेक. अभ्यासक्रमांत ४९.५ टक्के आरक्षण पाळायचे की ६९, यावरून पेच झाला. विद्यापीठाने त्या वर्षीचे प्रवेशच थांबवले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाला मध्ये पडावे लागले. दर्जा उंचावण्याचा निधी आणि प्रवेश ठरवण्याचा अधिकार यांतील एकच निवडायचे झाल्यास चेन्नई काय निवडते, हे या प्रकरणाने दाखवले. त्या निवडीची किंमत प्रयोगशाळांनी आणि संशोधनाने चुकवली, हेही मान्य केले पाहिजे.

मराठी उंबरठा

आता मराठी कुटुंबाच्या प्रश्नाकडे वळता येईल. तामिळनाडूच्या मागासवर्गीय जातींच्या यादीत नामदेव मराठ्यांसह ब्राह्मणेतर मराठा समाजाची नोंद आहे. तंजावरच्या भोसले राजवटीबरोबर आलेल्या आणि तीन शतके तेथेच राहिलेल्या घरांना तिचा लाभ होतो. महाराष्ट्रात ज्या मान्यतेसाठी दशकानुदशके मोर्चे निघाले, कायदे झाले आणि कोसळले, ती मान्यता कावेरीकाठच्या मराठ्याच्या पदरी आहे.

मात्र खानापूर-आटपाडी परिसरातून सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी गेलेल्या गलाई बांधवाच्या मुलाची गोष्ट निराळी. आडनाव एक, जात एक, घरातली भाषाही बरीचशी एक. पण महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबाचा जातीचा दाखला तामिळनाडूत चालत नाही. आठवी ते बारावी राज्यातच शिकलेल्या मुलाला प्रवेशप्रक्रियेत येता येते, परंतु कुटुंब मूळचे परराज्यातील असेल तर खुल्या गटातूनच. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या पाल्यांनाही सेवाकालाची अट पूर्ण केल्यास अर्ज करता येतो. त्यांचाही रकाना खुलाच. हा खुला गट म्हणजे उरलेले ३१ टक्के आणि त्यातही सर्व समाजांतील गुणवंत असतात. आर्थिक दुर्बल घटकांसाठीचे दहा टक्के आरक्षण तामिळनाडूने आपल्या संस्थांत लागू केलेले नाही, हेही अधिकाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

याबद्दल केवळ चेन्नईला दोष देता येणार नाही. ज्या निकालाने हा नियम पक्का झाला, तो मुंबईचा आहे. आंध्रातून सार्वजनिक उपक्रमातील नोकरीसाठी आलेल्या पित्याबरोबर लहानपणापासून मुंबईत वाढलेल्या मर्री चंद्रशेखर राव या विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेशात अनुसूचित जमातीची सवलत नाकारली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये ते योग्य ठरवले. मागासलेपण त्या त्या राज्याच्या संदर्भात ठरते, ते सामानाबरोबर बांधून नेता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. महाराष्ट्राने परप्रांतीयाला जो नियम लावला, तोच तामिळनाडू मराठी माणसाला लावतो.

१९५० च्या त्या खटल्यात ३९५ पैकी २१ जागा परराज्यातील विद्यार्थ्यांसाठी होत्या. आज त्या राज्यात प्रवेशासाठी दीड लाखाहून अधिक जागा असतात. एवढे दार रुंद झाले, तरी बदलीवर आलेल्या कारकुनाचे आणि भट्टीवर राबणाऱ्या कामगाराचे मूल कोणत्या राज्याचे, या प्रश्नाला ना चेन्नईने उत्तर दिले, ना मुंबईने. पुढच्या वेळी दिल्लीत एक देश, एक परीक्षा अशी घोषणा होईल तेव्हा मापाची चर्चा पुष्कळ होईल. राज्याची सीमा ओलांडून शिकणाऱ्या मुलाच्या दाखल्याचे काय, हे मात्र ज्यांच्या बदल्या होतात आणि ज्यांना स्थलांतर करावे लागते, त्यांनाच विचारावे लागेल.